उलटा ठेवलेला चार नंबर

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी धाकट्याने पिशवीतून चार क्लब काढले आणि मिस्त्रीच्या टेबलावर ठेवले. तीन, चार, पाच आणि सहा नंबरचे आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाचे क्लब. आपटले नाहीत, आजारी माणसाला पलंगावर टेकवावं तसे एकेक करून ठेवले. मग स्टुलावर बसला आणि उजवं कोपर डाव्या तळहातात धरलं.

"कर काय करायचं ते," तो म्हणाला.

मिस्त्री त्याचा थोरला भाऊ, वय एकसष्ट. गोल्फच्या मैदानामागे, गवत कापायच्या यंत्रांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत तो एकतीस वर्षं क्लब दुरुस्त करत होता. मुठीवरच्या झिजलेल्या ग्रिप बदलायच्या, वाकलेल्या दांड्या म्हणजे शाफ्ट काढायचे, सुटलेली हेडं पुन्हा चिकटवायची. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याच्या बायकोने जिवंत असेपर्यंत फोनवरसुद्धा 'मिस्त्री बाहेर गेलेत' असंच सांगितलं. दादा म्हणणारा एकटा धाकटाच.

धाकटा बावन्न वर्षांचा. तिशीपासून गोल्फवर पोट भरणारा, आणि ते कसंबसं भरलेला. पन्नाशीपुढच्या खेळाडूंची वर्षभर चालणारी एक स्पर्धामालिका होती. तिच्यात शिरायचं तर दोन दिवसांची चाचणी द्यावी लागे: अठ्ठावन्न जण खेळायचे, पहिले पाच आत, बाकीचे घरी. धाकटा एकदा तीन फटक्यांनी राहिला होता, एकदा एका फटक्याने. हे तिसरं वर्ष. एका शाळेने त्याला खेळशिक्षक म्हणून बोलावलं होतं आणि उत्तर सोमवारी द्यायचं होतं. चाचणी हुकली तर हो म्हणायचं, असा शब्द त्याने बायकोला दिला होता. क्लब मग माळ्यावर जाणार होते.

चाचणीचा पहिला दिवस त्या शनिवारीच झाला होता. पंचाहत्तर फटके, सतरावा नंबर. लांबच्या आयर्नने मारलेल्या सहा फटक्यांपैकी सहाही आखूड पडले होते. कोपर दुपारपासून सुजलं होतं.

हे असं होणार, हे मिस्त्रीला पाच महिन्यांपासून ठाऊक होतं. त्याच्याकडे एक वही होती. दर उन्हाळ्यात तो धाकट्याला सरावाच्या मैदानावर उभा करून प्रत्येक क्लबने दहा-दहा चेंडू मारायला लावी आणि अंतरं पावलांनी मोजून लिही. गेल्या उन्हाळ्यात तीन नंबर एकशे सत्तावन्न मीटरवर पडत होता, चार नंबर एकशे अठ्ठावन्नवर, पाच नंबर एकशे पंचावन्नवर. लांब मारायचे तिन्ही क्लब एकाच अंगणात येऊन बसले होते. लांब आयर्नचं तोंड उभट आणि बूड पातळ. चेंडू वर जायचा तर मनगटात वेग लागतो. तो वेग वयाबरोबर गेला होता. आयर्न आणि लाकडी क्लब यांच्या मधला हायब्रिड नावाचा एक क्लब असतो, त्याचं बूड जाड, वजन खाली. जरा हळू मारलं तरी चेंडू उचलला जातो. मिस्त्रीने वहीतली अंतरं समोर ठेवून चार हेडं निवडली. चार नंबरचा हायब्रिड चार नंबरच्या आयर्नपेक्षा दहा मीटर पुढे जातो, म्हणून हेडांवरचे आकडे न बघता त्याने अंतरं जुळवली, आणि ज्या आयर्नच्या जागी जे हेड, त्याला त्याचाच नंबर दिला. शाफ्टही आणून ठेवले. फक्त लांबी बेतायला धाकट्याने यायचं राहिलं होतं.

धाकटा आला नाही. मैदानावर हायब्रिडला 'पेन्शनची काठी' म्हणत, आणि ते नाव पाडणाऱ्यांत तो स्वतः होता. मिस्त्रीने दोनदा विषय काढला. पहिल्यांदा धाकट्याने हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा, दादा तुला माझा हात दिसतो, मला माझा खेळ दिसतो, असं काहीतरी ऐकवून निघून गेला. हेडं खणात पडून राहिली.

आता शनिवारी संध्याकाळी तो समोर बसला होता, आणि रविवारी सकाळी आठ वीसला त्याचा पहिला फटका होता.

मिस्त्रीने काही सुनावलं नाही. सुनावायला लागणारी ताकदही त्याच्याकडे उरली नव्हती. चाचणीच्या आठवड्यात त्याने सदुसष्ट क्लबांच्या ग्रिप बदलल्या होत्या. त्याने भावाला उभं केलं, मनगटापासून जमिनीपर्यंत मापं घेतली, शाफ्ट कापले, टोकं घासली, गोंदाचे दोन भाग सारखे मिसळले. तीन, पाच आणि सहा नंबर चिकटवून होईपर्यंत गोंद संपला. चार नंबरसाठी त्याने पुन्हा कालवला. तोपर्यंत पावणेआठ झाले होते आणि चष्म्याच्या आत डोळे चुरचुरत होते. दोन भाग सारखे पडले की एकात जरा जास्त गेला, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. पुसून पुन्हा करावं, असं मनात आलं. पण ते आलं तेव्हा शाफ्ट आत बसवून झाला होता.

"चोवीस तास लागतात हा गोंद पुरता धरायला," तो म्हणाला.

"बारा मिळतील," धाकटा म्हणाला.

रविवारी सकाळी पावणेसहाला मिस्त्रीने खोली उघडली. चारही हायब्रिडची हेडं पायाने दाबून शाफ्ट पिळून बघितले. तीन हलले नाहीत. चार नंबरही हलला नाही, पण त्याचा हाताला येणारा ताठरपणा वेगळा होता, की मिस्त्रीलाच तसं वाटत होतं. त्याने पिशवी भरायला घेतली. खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब चालतात. इतकी वर्षं त्याची मोजायची एक पद्धत होती: टोपीवाले चार, उघडे दहा. लाकडी म्हणवणारे तिघे आणि चेंडू भोकात ढकलायचा पटर यांना टोप्या, बाकी आयर्न उघडे. आता हायब्रिडलाही टोप्या आल्या. टोपीवाले आठ, उघडे सहा. त्याने दोनदा मोजले. चौदा.

मग त्याने टेबलावरचा जुना चार नंबरचा आयर्न उचलला आणि पिशवीच्या मागच्या कप्प्यात, छत्रीच्या बाजूला सरकवला. सरावात हायब्रिडचं हेड सुटलंच तर हाताशी काहीतरी हवं. नाही सुटलं, तर पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, जायच्या आधी आयर्न काढून गाडीत टाकायचा. हिशेब सोपा होता.

सरावात काही सुटलं नाही. धाकट्याने हायब्रिडने वीस चेंडू मारले आणि पहिले पाच-सहा गेल्यावर तो बोलायचा थांबला. चेंडू वर जात होते आणि वरून खाली येत होते. कित्येक महिन्यांत त्याचे लांब फटके असे वरून आले नव्हते. मिस्त्री मागे उभा राहून आवाज ऐकत होता. चार नंबरचा प्रत्येक फटका झाला की कान टवकारायचा, आत कुठे कट्ट असं वाजतं का. वाजलं नाही. आठ वाजून दहाला त्यांची हाक झाली. मिस्त्रीने पिशवी खांद्यावर टाकली. खांदा नेहमीचाच दुखत होता, त्यामुळे वजन जास्त आहे हे त्याने सांगितलं नाही.

पहिल्या टीवर खेळाडूने आपल्या कॅडीला, म्हणजे पिशवी वाहणाऱ्याला, क्लब किती असं विचारायचं आणि कॅडीने मोजून आकडा सांगायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. धाकट्याने ग्लोव्ह चढवता चढवता विचारलं. मिस्त्रीने टोप्यांवरून हात फिरवला. आठ. उघड्यांकडे पाहिलं, पण पहाटेचा आकडा आधीच जिभेवर होता.

"चौदा," तो म्हणाला.

जोडीला खेळायला एक पंचावन्नचा उंच माणूस होता. मैदानावर त्याला उंट म्हणत आणि तोही ते नाव मान वाकवून स्वीकारी. त्याने धाकट्याच्या पिशवीकडे पाहून विचारलं, "मिस्त्री, थंडी लागते का हो तुमच्या काठ्यांना? सगळ्यांना टोप्या घातल्यात."

"वय झालं की घालावी लागते," मिस्त्री म्हणाला. उंट हसला. धाकटाही हसला, आणि तो आदल्या दिवसापासून हसला नव्हता.

पहिला होल चार फटक्यांत. दुसऱ्या टीवर टॉवेल काढताना मिस्त्रीच्या मनगटाला मागच्या कप्प्यात गार लोखंड लागलं. सात नंबर चुकून मागे गेला असेल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात उंटाचा चेंडू झाडीत गेला आणि सगळे तिकडे बघायला लागले. दुसरा होलही चार फटक्यांत. तिसऱ्याला तीन.

चौथ्या टीवर नऊ वाजून चार मिनिटांनी दोन-चार थेंब पडले, म्हणून मिस्त्रीने छत्री ओढली आणि तिच्याबरोबर चार नंबरचं हेड वर आलं.

त्याने छत्री उघडली नाही. हेडाच्या बुडावर चारचा आकडा होता, शेजारी धाकट्याच्या नावाचं पहिलं अक्षर, वीस वर्षांपूर्वी त्यानेच ठोकलेलं. उंट पन्नास पावलांवर पाणी पीत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. छत्री होती तशी आत ढकलली असती तर दुपारपर्यंत कुणाला काही कळलं नसतं, आणि कळलं असतं तर धाकटा चाचणीतून थेट बाद झाला असता. या दोन्ही गोष्टी मिस्त्रीच्या डोक्यात एकदमच आल्या. 

धाकट्याने चेंडू टीवर ठेवला होता.

"थांब," मिस्त्री म्हणाला. "पिशवीत पंधरा आहेत."

धाकटा वळला, पिशवीपाशी आला, चार नंबरकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही उमटायला वेळ लागला.

"हा कुठून आला?" त्याने विचारलं आणि मिस्त्रीने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं. "मीच टाकला असणार. काल काढताना, नाहीतर आज सरावाला. हाताला सवय."

तोवर उंट जवळ आला होता आणि पंचबाईंची गाडी झाडांमागून येत होती. मिस्त्रीने तोंड मिटलं.

पंचबाई पन्नाशीच्या, खिशात पेन्सिल आणि आवाजात काही नाही अशा. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: किती होल झाले, आणि क्लब वापरला का. मग निर्णय दिला. पहिल्या होलला दोन, दुसऱ्याला दोन, एकूण चार फटके दंड. त्याहून जास्त लागत नाही. तो क्लब आत्ता, त्यांच्यासमोर खेळातून बाद केल्याचं दाखवायचं. धाकट्याने चार नंबर काढला आणि उलटा ठेवला, हेड खाली, ग्रिप वर. उरलेले पंधरा होल तो तसाच राहणार होता.

चालायला लागल्यावर उंट मिस्त्रीच्या बरोबरीने आला. त्याच्या मनात खोट नव्हती. "दुसऱ्या टीवर मोजले असते तर दोनच लागले असते," तो म्हणाला.

मिस्त्रीला मनगटाला लागलेलं गार लोखंड आठवलं. तो हो म्हणाला.

नंतरच्या साडेतीन तासांत धाकटा कसा खेळला, हे मैदानावर अजून सांगतात. तो चिडला नाही, घाई केली नाही. एरवी दर दोन होलांनी दादाशी काहीबाही बोलायचा. आता फक्त अंतर विचारायचा आणि क्लब मागायचा. सहा नंबरच्या हायब्रिडने त्याने सातव्या होलवर चेंडू झेंड्याजवळ मीटरभर ठेवला. तीन नंबरने बाराव्यावर झाडांच्या डोक्यावरून काढला. सोळाव्याला तळं आहे. टीपासून एकशे छप्पन्न मीटर सरळ पाणी आणि लगेच ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक गवताची जागा. त्याने चार नंबर मागितला. मिस्त्रीने टोपी काढून दिला आणि क्लब हातातून सुटेपर्यंत कडीकडे बघत राहिला. शाफ्ट हेडात शिरतो तिथे एक काळी प्लॅस्टिकची कडी असते. ती जागची हलली की गोंद सुटत चालला असं समजायचं.

फटका स्वच्छ लागला. चेंडू पाण्यापलीकडे, ग्रीनच्या मधोमध. कडी जागेवर होती. निदान तेव्हा मिस्त्रीला तशी दिसली.

बारा वाजून पस्तीसला त्यांचा खेळ संपला. मारलेले फटके अडुसष्ट, दंड चार. बहात्तर. दोन दिवसांचे मिळून एकशे सत्तेचाळीस. दंड नसता तर एकशे त्रेचाळीस.

आदल्या दिवशी पुढे असलेले खेळाडू मागून येत होते, त्यामुळे वाट बघणं भाग होतं. गुणांच्या फळ्यासमोर एक बाक होता, तिथे दोघं बसले. एक वाजता धाकटा आठवा होता. दीडला सातवा. पुढचे कोणी ना कोणी पाण्यात घालत होते. धाकटा हातपाय धुवायला गेला तेव्हा त्याच्या बायकोचा फोन मिस्त्रीला आला. त्यांच्याशी बोलणं झालंय, ती म्हणाली. पिशवीत मीच घोळ घातला असं म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही त्यांना काही बोलू नका हं," ती म्हणाली. "ते आधीच लावून घेतात मनाला."

मिस्त्रीने नाही बोलत म्हणून सांगितलं. जेवलात का, असं तिने विचारलं. त्याने हो म्हणून सांगितलं. जेवला नव्हता.

दोनला पाच कमी असताना धाकटा येऊन बसला. हातात पाण्याची बाटली होती. मिस्त्री फळ्याकडे बघतच बोलला.

"चार नंबर मी ठेवला होता. पहाटे. हायब्रिडच्या गोंदाचा भरवसा वाटत नव्हता. सरावानंतर काढणार होतो."

धाकट्याने बाटलीचं झाकण लावलं. पुन्हा काढलं.

"भरवसा नव्हता तर मला दिलास कशाला?"

"तू संध्याकाळी सहाला आलास म्हणून."

 फळ्यावरच्या माणसाने एक आकडा पुसून दुसरा लिहिला. उंट येऊन धाकट्याच्या पाठीवर थाप मारून गेला. त्याचे एकशे बावन्न झाले होते आणि त्याचा तो मोकळा झाला होता.

"आणि मघाशी गप्प का बसलास?" धाकट्याने विचारलं.

"तू मीच टाकला म्हणालास. तिथे उंट होता, बाई होत्या. मग तू खेळायला लागलास." मिस्त्रीने खांदा चोळला. "चांगला खेळत होतास."

"हं."

"घरी मी सांगतो."

"राहू दे," धाकटा म्हणाला. "आता परत फोन करून काय सांगणार, चूक बदलली म्हणून?" त्याचं तोंड हसल्यासारखं झालं, पण हसू तिथेच संपलं. रागावला आहे की नुसता दमला आहे, हे मिस्त्रीला कळलं नाही. बावन्न वर्षांत हा फरक त्याला कधी चुकला नव्हता.

अडीच वाजता चित्र असं होतं. चौघे एकशे सत्तेचाळीसच्या आत येऊन नक्की झाले होते. पाचवी जागा उरली होती. मैदानावर शेवटची जोडी राहिली होती, आणि तिच्यातला चष्मेवाला अठराव्या ग्रीनवर पोचला होता. त्याचा चेंडू भोकापासून दीड मीटरवर होता. गेला, तर त्याचे एकशे शेहेचाळीस आणि पाचवी जागा त्याची. नाही गेला, तर दोघांचे सारखे, आणि ती एक जागा ठरवायला दोघांनी पुन्हा खेळायचं.

पंचबाई बाकापाशी आल्या. बरोबरी झाली तर लगेच सोळाव्यापासून सुरू, त्या म्हणाल्या. ती नवी फेरी धरली जाते, क्लब बदलायचे असतील तर बदलता येतील. "आणि मोजून घ्या," त्यांनी जाताना सांगितलं. टोमणा नव्हता. त्या सगळ्यांनाच सांगत असाव्यात.

मिस्त्री उठला. त्याने पिशवी आडवी केली आणि या वेळी एकेक क्लब काढून गवतावर ठेवत मोजला. उलटा ठेवलेला चार नंबर सगळ्यात आधी बाहेर काढून बाजूला ठेवला. टोप्या काढल्या. तीन नंबर हायब्रिड, ठीक. चार नंबर हातात घेतला आणि त्याचा अंगठा आपोआप गळ्याशी गेला.

कडी वर सरकली होती. फार नाही. तिच्या आणि हेडाच्या मध्ये नख जेमतेम शिरेल एवढी फट. त्याने पिळून पाहिलं. हेड हललं नाही. म्हणजे अजून दहा फटके टिकेल, किंवा पुढच्या फटक्याला चेंडूबरोबर तळ्यात जाईल. एकतीस वर्षांत त्याने अशा फटी शेकड्यांनी पाहिल्या होत्या, आणि यातलं काय होईल हे फटीवरून सांगता येत नाही, हेही त्यातच शिकला होता.

त्याने हायब्रिड धाकट्यासमोर धरला. लपवाछपवी आता त्याच्याने होणार नव्हती.

"कडी हललीय."

धाकट्याने बोटाने फट चाचपली. मग गवतावरच्या जुन्या आयर्नकडे पाहिलं.

"आयर्न किती जातो माझा? वहीत काय आहे?"

"एकशे अठ्ठावन्न. उन्हाळ्यातलं. कोपर सुजलं नव्हतं तेव्हाचं."

"आणि पाणी एकशे छप्पन्न."

"छप्पन्न."

"तू काय म्हणतोस?"

मिस्त्रीने हायब्रिड आयर्नशेजारी गवतावर ठेवला आणि बाकीचे क्लब एकेक करून पिशवीत परत भरले. पाच महिन्यांपूर्वी त्याने न विचारता सांगितलं होतं. आज विचारल्यावर त्याला सांगता येत नव्हतं.

अठराव्यावर लोक गप्प झाले होते. चष्मेवाला चेंडूमागे बसून उतार बघत होता. उठला, चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा खाली बसला.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तो चेंडूवर वाकला, तेव्हा मिस्त्रीच्या पिशवीत तेरा क्लब होते आणि गवतावर दोन्ही चार नंबर.